मेसचं कार्ड आणि आमटीचा डाग

कॉलेजात नवीन येणाऱ्या पोरांसाठी पुण्यात राहायची छोटी गाईड डिझाईन करायला घेतलीये. पहिली आयडिया काय, तर कव्हरवर शनिवारवाडा! सगळे तेच करतात, खोडलं. मग मेसचं कार्ड आठवलं, ते चौकोनांचं, जेवलं की काका पेनाने एक चौकोन मारतात आणि महिना संपायच्या आत त्यावर आमटीचा डाग पडतोच पडतो. म्हणलं अख्खी गाईडच अशी करू, प्रत्येक पान म्हणजे एक कार्ड, रूम बघताना डिपॉझिट, लाईटबिल, पाण्याची वेळ विचारली की चौकोनात टिक मारायची, आणि डाग थेट कव्हरवर.

साईज ए५, १६ पानं. मधोमध पिना मारायच्या तर पानं ४ च्या पटीतच लागतात, मी आधी १८ केलेली, प्रेसवाल्या काकांनी नुसतं माझ्याकडे बघितलं :) फॉन्ट मुक्ता, फुकट आहे आणि बारीक साईजला पण जोडाक्षरं नीट वाचता येतात.

आता अडलंय ते डागावर. स्क्रीनवर आरजीबीत (म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात) मस्त हळदीचा पिवळा दिसत होता, सीएमवायकेत (म्हणजे छपाईच्या चार शाईंत) केला तर पार मळका झाला, त्यामुळे सध्या मॅजेंटा, म्हणजे त्यातली गुलाबी शाई, कमी करत बसलोय.