मसूर पिकवणारे आजोबा

आज कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या आमच्या शेजारच्या आजोबांना निरोप दिला. लहानपणी १९३० नंतरचा दुष्काळ आणि धुळीची वादळं सोसलेला माणूस. ६ जून १९४४ ला रेजायना रायफल्स या कॅनडाच्या सैन्यतुकडीबरोबर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या जुनो किनाऱ्यावर उतरले, तेव्हा वय अवघं एकोणीस! युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत. शेताचं विचारलं की मात्र तासन्‌तास. आम्ही भारतातले हे कळल्यावर पहिल्याच भेटीत त्यांनी मूठभर मसूर माझ्या ओंजळीत ओतला, "हा तुमच्याकडेच जातो ना?" आईच्या हातची आमटी आठवून माझा गळा दाटून आला होता.

आज जुन्या सैनिकांनी एकेक करून कोटावरचं लाल पॉपीचं फूल, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची खूण, काढून शवपेटीवर ठेवलं. मुलाने शेजारी गव्हाची पेंढी ठेवली. ऐन कापणीचे दिवस, पण आजूबाजूच्या शेतांतली यंत्रं सकाळपासून बंद होती.