मी थांबलो होतो

चकाल्याच्या त्या इमारतीत पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि छत्रीचं पाणी बुटात गेलं होतं. जुलैमध्ये डोंबिवलीहून निघून दहाची वेळ पाळणाऱ्या माणसाला मी अजून भेटलेलो नाही. ज्यांचा आवाज घ्यायचा होता त्या ताई मात्र पावणेदहालाच आल्या होत्या. रेकॉर्डिंग बूथबाहेरच्या स्टुलावर बसून त्या आमच्या भुताच्या खेळाची मी लिहिलेली संहिता वाचत होत्या, हातात पेन्सिल. प्रायोगिक नाटकांत चाळीस वर्षं काढलेल्या बाईनं पेन्सिल हातात घेतली की लेखकाच्या पोटात गोळा येतो.

"लेखक तुम्हीच ना? मग मला आधी एक सांगा. हे भूत बाई आहे की बुवा?"

"ते शेवटी कळतं," मी म्हणालो. "तेच तर रहस्य आहे."

"शेवटी कुठलं? पान चारवर कळतंय की."

त्यांनी पेन्सिलीचं टोक एका शब्दाखाली टेकवलं. 'मी रोज इथंच थांबले होते.' थांबले. पेन्सिल त्या मात्रेवर दोनदा आपटली.

आठ महिने आम्ही या कामात होतो. संहिता नव्वद हजार शब्दांची. दिग्दर्शकानं वाचलेली, निर्मात्यानं वाचलेली, मी तर इतक्यांदा वाचलेली की बायकोला पाठ झाली असेल. आणि सगळ्या गोष्टीचा डोलारा ज्यावर उभा, ते गुपित मी चौथ्या पानावर एका क्रियापदाच्या शेपटीत सांगून बसलो होतो. हे वाचताना मी बाई की बुवा हे तुम्हाला पहिल्याच वाक्यात कळलं, तसंच.

काम काय होतं ते सांगतो. व्हिज्युअल नॉव्हेल, भयकथा, अठरा वर्षांवरच्यांसाठी. स्क्रीनवर एक चित्र, खाली तीन ओळींची चौकट, तीत मजकूर. क्लिक केलं की पुढची ओळ. मधूनच दोन-तीन पर्याय येतात, त्यातला एक निवडायचा. बस. हा प्रकार जपानचा. चुनसॉफ्टनं १९९२मध्ये सुपर फॅमिकॉमवर 'साउंड नॉव्हेल' म्हणून असला पहिला खेळ काढला, आणि १९९६मध्ये लीफ या कंपनीनं आपल्या प्रौढांसाठीच्या, चांगल्याच काळ्याकुट्ट गोष्टींना 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे मालिकेचं नाव लावलं. तेव्हापासून भीती आणि शृंगार या प्रकारात शेजारी-शेजारी नांदतात. आमच्या दिग्दर्शकाचं बालपण पवईत असल्या खेळांवर गेलेलं. पोरगा हुशार, पण विचार इंग्रजीत करतो. त्यानं गोष्टीचा आराखडा इंग्रजीतच लिहिला होता, आणि इंग्रजीतला 'आय' काही बोलत नाही. जपानीतही क्रियापदाला लिंग चिकटत नाही, सर्वनाम गाळून टाकलं की झालं. मराठीत मात्र माणूस नुसता 'आलो' म्हणाला तरी अर्धी कुंडली हातात येते.

आराखडा चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. गोष्ट गिरणगावातली, १९८१चा शेवट. एक खोली, दहा बाय बारा, एक पलंग, भाडेकरू दोन. गिरणगावात अशा खोल्या पाळीवर चालायच्या: एक कामावर गेला की दुसरा त्याच पथारीवर आडवा व्हायचा. नायक रात्रपाळीचा. सकाळी येतो तेव्हा दुसरा गेलेला असतो, फक्त गादी गरम असते. दोघं एकमेकांना कधीच भेटत नाहीत. भाडं घेणारी म्हातारी दोघांबद्दल एकमेकांना चकार शब्द सांगत नाही. आणि मग उशीतून कुजबुज ऐकू यायला लागते.

मग १८ जानेवारी १९८२. संप. अडीच लाखांच्या आसपास माणसं गिरण्यांबाहेर, भोंगे गप्प. आता कुणालाच पाळी नाही. नायक तीन दिवस लालबाग-परळ पालथं घालून एका रात्री खोलीवर येतो. खोली रिकामी. पांघरुणाची घडी घातलेली, मोरी कोरडी, आठ दिवसांत तिथं कोणी राहिल्याची खूण नाही. तो पलंगावर हात ठेवतो.

गादी गरम आहे.

या जागी संगीत नाही, किंकाळी नाही, चित्रही बदलत नाही. रेनपाय नावाच्या ज्या फुकट मिळणाऱ्या साधनात आम्ही हे बांधत होतो, त्यात महिरपी कंसात एक डब्ल्यू टाकला की वाक्य तिथं अडतं आणि वाचकाच्या क्लिकची वाट पाहतं. मी तो 'गादी' आणि 'गरम आहे' यांच्या मधे टाकला होता. मराठीचं क्रियापद शेवटी येतं, याचा यापेक्षा चांगला उपयोग मला आजवर जमलेला नाही. सिनेमात दार आपोआप उघडतं. इथं ते तुम्हालाच उघडावं लागतं, आपल्या बोटानं, आणि पुढं काय आहे याचा अंदाज आल्यावर ते बोट जरा रेंगाळतं. या प्रकाराची सगळी ताकद त्या रेंगाळण्यात आहे.

'प्रौढांसाठी'च्या बाबतीतही तसंच. खेळात एक प्रसंग आहे. रात्रपाळी करून आलेला नायक आपली बाजू सोडून दुसऱ्याच्या खळग्यात, जिथं गादी दबलीय तिथं, मुद्दाम झोपतो. कापसाचा, वंगणाचा आणि आणखी कशाचा तरी वास. चित्र फक्त छताचं. तो प्रसंग वाचून दिग्दर्शक पाच मिनिटं काही बोलला नव्हता. याउलट मध्यंतरानंतर नायकाची बायको गावाहून येते आणि एकामागून एक तीन प्रसंग सचित्र घडतात. ते गॅलरीत, म्हणजे उघडलेल्या चित्रांच्या पानावर, जमा होतात, वर किती उघडलं त्याची टक्केवारी दिसते. वकिलांनी माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या, अश्लील मजकुराबद्दलच्या कलम ६७चं नाव काढून त्यातली दोन चित्रं उडवायला लावली. चित्रं गेली, गोष्टीचं काहीच अडलं नाही. ती तिथं कशासाठी होती ते यावरून समजा.

तर त्या स्टुलाशेजारी मी जमिनीवर बसलो आणि आम्ही भुताची सगळी वाक्यं काढली. एकसष्ट. दिग्दर्शक म्हणाला, "व्हिस्परच तर आहे, काय फरक पडतो?" कुजबुजीबद्दल त्याचं बरोबर होतं. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे आवाज बाईचा की पुरुषाचा हे चटकन कळत नाही. म्हणून तर ताईंना बोलावलं होतं, त्यांचा आवाज मुळातच खर्जातला. पण आवाज लपला तरी व्याकरण लपत नाही ना.

मग ताईंनी शाळा घेतली. भूतकाळातलं सकर्मक क्रियापद बिनधोक: 'मी दार लावलं', 'मी तुझं पांघरूण घडी केलं'. तिथं क्रियापद दाराच्या आणि पांघरुणाच्या मागे जातं, बोलणाऱ्याला विचारत नाही. अकर्मक आलं की घात: 'मी खाली गेले'. भविष्यकाळ सुरक्षित, 'मी येईन'. 'मी इथं आहे' चालेल, 'मी इथं होते' नाही. 'मला ऐकू येतं', 'माझ्या हातून झालं', चालेल. आणि काही क्रियापदं फितूर. कर्म असूनही ती कर्त्यालाच धरून राहतात: 'मी पाणी प्यायले', 'मी नाव विसरले', 'मी भाकरी जेवले'. ही मी आयुष्यभर बोलत आलोय आणि त्यांच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

बारापर्यंत अडतीस वाक्यं सुटली. गंमत म्हणजे त्यातली बरीच आधीपेक्षा भीतिदायक झाली. 'मी तुझ्यासाठी जागी राहिले' याचं 'तुझ्यासाठी मी दिवा विझवला नाही' झालं. दुसऱ्या वाक्यात दिवा दिसतो. वर्तमानकाळ तर जवळजवळ सगळाच गेला, कारण 'येते-येतो'पासून सुटका नाही. उरलेलं भूत एक तर काहीतरी करून झालेलं असतं, नाहीतर पुढं करणार असतं. रेकॉर्डिस्ट हेडफोन गळ्यात टाकून ऐकत होता. तो म्हणाला, "साहेब, हे जास्त बेकार आहे." त्याच्या तोंडी ही स्तुती असते.

तेवीस वाक्यं मात्र हलेनात. 'थांबले होते' त्यातलंच. थांबणं हेच भुताचं काम, ते काढलं तर गोष्टच उरत नाही. मी 'माझं थांबणं चालू होतं' असं काहीतरी लिहून दाखवलं. ताईंनी चष्म्यावरून असं पाहिलं की मीच ते खोडलं.

डबा उघडताना त्या सहज म्हणाल्या, "माझी आत्या कोल्हापूरची. जन्मभर 'मी आलो, मी जेवलो, मी जातो' म्हणाली. मुंबईला आमच्याकडं यायची तेव्हा आम्ही पोरं हसायचो."

मी मूळचा राजापूरकडचा. कोल्हापूर म्हणजे माझ्या लेखी अंबाबाई आणि मिसळ. त्या भागातल्या पुष्कळ बायका स्वतःबद्दल असं पुल्लिंगी बोलतात हे मी ऐकलं होतं, पण ते कधी वापरायची वस्तू वाटली नव्हती. गिरणीत कोकणातली माणसं होती तशी घाटावरचीही होती, सातारा-कोल्हापूरची. आमचं भूत शेवटी बाई निघतं, गिरणीच्या वाइंडिंग म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यातली. तिला कागलकडची करायला कोण अडवतं? मग ती 'मी थांबलो होतो' म्हणेल. खरंच बोलेल, आणि ऐकणारा स्वतःच्या चुकीनं फसेल.

"हे चीटिंग नाही का?" दिग्दर्शकानं विचारलं. प्रश्न रास्त होता. वाचक माउसचं चाक मागे फिरवून आधीच्या ओळी बघू शकतो, आणि बघतोच. तिथं त्याला फसवणूक दिसता कामा नये. पण खुणा होत्या की. १९४८च्या कारखाने कायद्यातल्या कलम ६६नुसार बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामावर ठेवता येत नसे, म्हणून त्या पलंगावर दुसऱ्या भाडेकरूची झोपायची पाळी कायम रात्रीचीच. ही गोष्ट संहितेत आधीपासून होती, गिरणीच्या फाटकावरच्या पाटीवर. कोणी वाचत नाही म्हणून ती पाटी काढून टाकायचं चाललं होतं. ती ठेवली. एक-दोन ठिकाणी 'नव्हं' आणि 'लई' घातलं. ताईंनी त्यातलं एक काढायला लावलं, म्हणाल्या, उगाच फोडणी देऊ नका.

दुपारी मी आणखी एक मागणी रेटून पाहिली. शेवटाला चाळीस मिनिटांचा फ्लॅशबॅक आहे: ती कोण, कुठली, कशी मेली, म्हातारीनं काय केलं. मीच लिहिलाय तो, 'प्लेअरला कळलं पाहिजे' या धाकाखाली. गरम गादीनं जे कमावलं ते सगळं तिथं हिशेबाच्या वहीत उतरतं. संपही त्यात नुसता पडदा होऊन मागे लटकतो. आता खुणा इतक्या नेमक्या झाल्यात तर हे सहा ओळींत उरकू, म्हटलं. दिग्दर्शक म्हणाला, "अकरा चित्रांचे पैसे देऊन झालेत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सात चित्रं राहिली.

ताईंनी तीन ते पाच बूथमध्ये काढले. 'मी थांबलो होतो' त्यांनी नऊ वेळा म्हटलं. आठव्यांदा ठीक होतं. नवव्यांदा त्यांनी 'थांबलो'नंतर श्वास घेतला नाही, सोडला. तेच ठेवलं.

सहा वाजता शेजारच्या खोलीत खेळून बघायला तीन पोरं आली. चार यायची होती, एक कुर्ल्याला पाण्यात अडकला. नवा आवाज अजून बसवला नव्हता, मजकूर तेवढा बदलून दिला. मी मागे उभा. पहिली मुलगी गरम गादीपाशी थांबली, इकडंतिकडं पाहिलं, मग क्लिक केलं. मला तेवढ्यानं दिवस वसूल झाल्यासारखं वाटलं. दुसरा मुलगा पहिल्या अर्ध्या तासात दोनदा मेला, कारण आमचे चौदातले बारा पर्याय निव्वळ शोभेचे आणि उरलेल्या दोनांत चुकलात की खेळ खलास. तिसऱ्यांदा त्यानं कंट्रोलचं बटण दाबूनच धरलं. वाचलेलं भराभर पळालं. सेटिंगमध्ये न वाचलेलंही सोडायची मुभा चालू राहिली होती, त्यामुळे त्यापुढचंही पळालं: भोंगा, संप, पलंग, हात, गादी. सगळं मिळून तीन-चार सेकंदांत. तो गॅलरीत गेला आणि किती टक्के उघडलं ते बघायला लागला. त्याचा दोष नव्हता. मेल्यावर पुन्हा तेच वाचायला लावलं की कुठलंही भूत कंटाळवाणं होतं, आणि टक्के दाखवले की माणूस टक्केच गोळा करतो.

शेवटी कागद भरून घेतले. प्रश्न एकच: खोलीतली दुसरी व्यक्ती कोण असेल? पहिलीनं लिहिलं, 'गिरणीत मेलेला कामगार, पुरुष'. दुसऱ्यानं 'माहीत नाही, पुरुष असेल'. दिग्दर्शकानं मला कोपर मारलं. तिसरा इतका वेळ कोपऱ्यात मुकाट बसून खेळत होता. त्याचा कागद उलटला तर एकच ओळ: 'बाई आहे. आमच्या गडहिंग्लजची आजी अशीच बोलते.'

"आता?" दिग्दर्शक म्हणाला.

मी ताईंना फोन लावला. त्या लोकलमध्ये होत्या, गोंगाटात हसल्याचं तेवढं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "त्याला विचारा, भीती वाटली का?"

मी विचारलं. पोरगा सॅक पाठीला अडकवत होता. म्हणाला, "भीती नाही... पण दुसऱ्या पानापासून मला आजीचाच आवाज येत होता. ती गेली मार्चमध्ये."