तुम्ही विचारलंत म्हणून: संमोहनानं दारू सुटते का?

व्यसनमुक्तीच्या कामात मला सतरा वर्षं झाली. गावोगावी बोलायला जाते. बोलणं संपून खुर्च्या आवरल्या जात असतात तेव्हा कुणीतरी खांबाशी थांबलेलं असतं. बहुतेकदा बायको, नाहीतर आई. "मॅडम, त्यांना एकदा संमोहित करा आणि दारू वाईट आहे असं मनात घाला. सुटेल ना?" आणि लगेच, आवाज खाली आणून, "त्यांना कळू न देता होईल का?"

ताई, कळू न देता संमोहन होत नाही. संमोहन म्हणजे झोप नव्हे. डोळे मिटलेला माणूस सगळं ऐकत असतो, फक्त त्याचं लक्ष एका जागी इतकं एकवटतं की बाकीचं मागे सरतं. भजनात रंगलेल्या माणसाला पायाला मुंग्या आलेल्या कळत नाहीत, तशातलाच हा प्रकार. ते लक्ष त्याचं त्यानंच द्यावं लागतं. सगळ्यांना ते सारखं जमतही नाही.

त्यात ताकद नाही असं मी म्हणणार नाही. १८४५ साली बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन होता. क्लोरोफॉर्म अजून यायचं होतं. रुग्णाच्या अंगालगत तासन्‌तास हात फिरवून त्याला त्या अवस्थेत नेऊन त्यानं मोठमोठ्या गाठी कापून काढल्या. आजही दुखणं आणि भीती कमी करायला संमोहनाचा उपयोग होतो. दारूच्या बाबतीत मात्र पुरावा तोकडा आहे. एका बैठकीत दारू सोडवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

तोकडा का, तर दारू वाईट आहे हे पिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. ते पुन्हा मनात घालून काय होणार? ओढ दुसरीकडेच बसलेली असते.

कॅनडात शेपर्ड सीगल यांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग १९८२ साली प्रसिद्ध झाला. उंदरांना ठरावीक खोलीत हेरॉइनची सवय लावली आणि शेवटी सगळ्यांना मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत ३२ टक्के उंदीर मेले. तोच डोस वेगळ्या खोलीत दिला तेव्हा ६४ टक्के मेले. नेहमीची जागा दिसली की नशा यायच्या आधीच शरीर तिला तोंड द्यायला सज्ज होतं. आता विचार करा, शरीर सज्ज झालं आणि नशा आलीच नाही तर? त्या बेचैनीलाच आपले लोक तलफ म्हणतात. केंद्रात महिनाभर शांत राहिलेला माणूस आपल्या गावच्या स्टँडवर एसटीतून उतरतो आणि त्याचे हात थरथरायला लागतात, ते यामुळे. घरचे म्हणतात, याची नियतच नाही. माणूस कळवळून सांगतो की तसं नाही, आणि तो खरं बोलत असतो.

उलटी बाजूही आहे. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक घरी परतल्यावर त्यांचं काय होतं, हे ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात तपासलं. पहिल्या वर्षात त्यांतल्या जेमतेम ५ टक्के जणांना पुन्हा ते व्यसन जडलं. ती युद्धभूमी, ते सोबती, तो स्वस्त माल, सगळं मागे राहिलं होतं. आपल्या माणसाचा गुत्ता मात्र त्याच्या घराच्या वाटेवरच असतो.

आता त्या "कळू न देता"बद्दल. चहातून द्यायच्या पुड्या कुणी विकत असेल तर घेऊ नका. त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं. डायसल्फिरम, म्हणजे दारू सोडवायला देतात ते औषध, असेल आणि वरून तो प्यायला, तर तोंड लालभडक होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. माणूस दगावू शकतो. ते औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल आणि डॉक्टरांची नजर असेल तरच.

आणि रोज पिणाऱ्याची दारू घरातच एकदम तोडू नका. हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. मी चौदा वर्षांची असताना आजोळी थोरल्या मामाला माळ घातली आणि माडीवर ठेवलं. तिसऱ्या रात्री तो गोधडीवरच्या मुंग्या वेचायला लागला. गोधडीवर मुंग्या नव्हत्या. मला म्हणाला, "बाळे, दार लाव, ती माणसं आत येतायत." अंग घामानं भिजलेलं. घरच्यांना वाटलं बाहेरचं लागलं, म्हणून देवऋषी आणला. अंगारा लावून होईपर्यंत मामाला झटके सुरू झाले आणि सकाळी तो गेला. माळेचा त्यात काही दोष नव्हता. दारू तुटल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत मेंदूची अशी अवस्था होऊ शकते. तिला औषध आहे, थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, सुई आहे, दवाखाना आहे. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगत फिरते.

मग मी संमोहन वापरते का? वापरते. मागे एका गवंड्यानं स्वतःहून मागितलं. डोळे मिटवून मी त्याला मनातल्या मनात स्टँडपासून घरापर्यंत चालवलं. पिठाच्या गिरणीपाशी त्याचा श्वास बदलला. विचारलं तर म्हणाला, "इथनं वास सुरू होतो." दुकान अजून दोन वळणं पुढे होतं. ओढ गिरणीपाशीच सुरू होते हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं. आम्ही तिघांनी बसून कागदावर दुसरी वाट काढली, ओढ्याकडून, दहा मिनिटं जास्तीची. त्यानंतर तो दोनदा प्यायला. दोन्ही वेळा परत आला आणि कुठल्या वळणावर चुकला ते त्यानंच सांगितलं.

एवढंच मला करता येतं, आणि त्यासाठी त्या खुर्चीत त्यांनाच बसावं लागतं. तुम्ही एकट्या आलात तरी चालेल. पहिल्या दिवशी बऱ्याच जणी एकट्याच येतात. चहा घेऊ, आणि त्यांना घेऊन कसं यायचं ते ठरवू.