पर्वतीवर अरे-तुरे

'गच्चीवरचा कावळा' या नावानं तो ऑनलाइन फोटो टाकायचा. दोन वर्षं आमचं छान अरे-तुरे चाललं होतं. "क्षितिज वाकडं आलंय रे तुझं," असं मी बिनदिक्कत सुनवायचे. "आधी ट्रायपॉड घे, मग बोल," असं तोही. शेवटी सात-आठ जणांचं ठरलं, की एकदा पर्वतीवरून पुणं टिपू या. पहाटे पायथ्याशी कानटोपी घातलेले, पांढऱ्या मिशांचे एक आजोबा पुढे आले आणि म्हणाले, "मी कावळा." माझी जीभ टाळूला चिकटली.

"काका, बॅग द्या ना इकडे." त्यांनी दिली नाही. पर्वतीच्या पायऱ्या १०३. साठाव्या पायरीच्या आसपास मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त काढून थांबले, काका थांबले नाहीत.

एका मुलानं वाटेत ड्रोनचा विषय काढला. पण लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, शहरावर ड्रोन उडवायचा म्हणजे परवानग्या आल्या. त्यापेक्षा पायऱ्या बऱ्या.

रात्री पाऊस पडून गेलेला, हवा धुतलेली. सूर्य उगवायच्या आधी आकाश गडद निळं असतं आणि रस्त्यावरचे दिवे अजून विझलेले नसतात. दोन्ही उजेड तोलास तोल येतात ती जेमतेम वीस मिनिटं, सगळा खटाटोप तेवढ्यासाठी. शटर आठ-दहा सेकंद उघडं ठेवलं की रिक्षा दिसत नाही, तिच्या दिव्याची नुसती रेघ उरते. कुणी बोलत नव्हतं. खाली सारसबागेची झाडं काळी दिसत होती. तिथं एकेकाळी तळं होतं, म्हणून तर तो तळ्यातला गणपती. १८१७ साली खडकीच्या लढाईत आपला पराभव होताना दुसऱ्या बाजीरावानं याच टेकडीवरून पाहिला म्हणतात. देखावा चांगला असणार, पाहणाऱ्याची पंचाईत.

उजाडलं तशी पुण्याची शोभा ओसरली. उरल्या काळ्या टाक्या, निळ्या ताडपत्र्या, डिश अँटेना. आता काका खुलले. १८५८ साली पॅरिसजवळ बलूनमधून फोटो काढणाऱ्या नादारची गोष्ट त्यांनी सांगितली. काचेवर ओलं रसायन लावायचं, ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचा, म्हणून अंधारखोलीसुद्धा वर न्यायची. बलूनमधून सुटणारा गॅस त्या काचा नासवायचा. अखेर झडप बंद ठेवून उड्डाण केलं तेव्हा कुठं काहीतरी उमटलं. "आणि तो फोटो आज शिल्लक नाही," काका असे हळहळले, जणू त्यांचंच कार्ड करप्ट झालं होतं.

लांबच्या लेन्समधून मला उतारावरची एक गच्ची दिसत होती. एक बाई गोधडी वाळत घालत होती, पाठमोरी. गोधडीचे रंग काय सुरेख! मी फोकस केला, तेवढ्यात ती वळली आणि थेट आमच्याकडं बघू लागली. मी कॅमेरा खाली घेतला. शेजारी पाहिलं तर काकांनीही घेतला होता. त्यांनी हात हलवला. तिनं हलवला नाही. गोधडी झटकली, एवढंच.

खाली येऊन अमृततुल्यात चहा झाला. पैसे द्यायला काकांनी कुणाला वावच दिला नाही. मी निघेपर्यंत 'तुम्ही' आणि 'हो काका' यांच्या पलीकडं गेले नाही.

रात्री कावळ्याचा फोटो आला. निळं आकाश, दिव्यांच्या रेघा, आणि क्षितिज पुन्हा डावीकडं कललेलं. "काका, तुमचं" एवढं टाइप करून मी थांबले. खोडलं.

मग लिहिलं, "वाकडं आलंय रे."