४४ नंबरच्या रस्त्यानं बाबांना महाल दाखवले

हिंगणघाटजवळ आमचं वावर राष्ट्रीय महामार्ग ४४ ला लागून आहे. हाच रस्ता नागपूर, सिवनी, सागर, झाशी करत ग्वाल्हेरला जातो. बाबांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. बांधावर बसून उत्तरेकडे जाणारे ट्रक पाहता पाहता ते एक दिवस म्हणाले, "तिकडचे महाल लोखंडाबिगर कसे उभे केले असन, एकदा पाह्यलं पाह्यजे."

बाबा बहात्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखरे. जानेवारीत तिकडे दाट धुकं असतं आणि एप्रिलमध्ये दगड तापतात. म्हणून कापसाची शेवटची वेचणी आटोपली आणि चणा सोंगायला यायच्या आधी, फेब्रुवारीत, बाबा, माझा चुलतभाऊ आणि मी निघालो.

विमा, पीयूसी, स्टेपनीतली हवा, सगळं तपासलं. फास्टॅगची केवायसी तेवढी राहून गेली. सिवनीच्या पुढच्या टोलवर टॅग बंद दाखवला आणि रोखीत दुप्पट पैसे गेले. फास्टॅगमध्ये नुसते पैसे असून भागत नाही, घरून निघायच्या आठवडाभर आधीच तो चालू आहे का ते पाहून घ्या. पहिला मुक्काम सागरला केला. एका दमात झाशी गाठता येते म्हणतात, पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन ते करू नये.

दुसऱ्या दिवशी ओरछा. बेतवेच्या काठावरचा जहांगीर महाल वीरसिंह देव बुंदेल्यानं बांधला. त्याचं राज्य १६०५ ते १६२७. चौकात उभं राहिलं की चारी बाजूंनी मजले अंगावर येतात, छज्जाखाली फिरोजी फरशांचे तुकडे अजून चमकतात. पण जिने! अरुंद, अंधारे, आणि एकेक पायरी गुडघ्याला लागेल इतकी उंच. चढताना मी पुढून हात दिला. उतरायच्या वेळी मात्र बाबांनी माझा हात बाजूला केला. तोंड भिंतीकडे केलं, दोन्ही हात वरच्या पायरीवर टेकले आणि परांचीवरून उतरतात तसे एकेक पाय खाली सोडत आले. गुडघ्यावर भार कमी येतो म्हणाले. पुढे सगळीकडे आम्ही असंच केलं. संध्याकाळी रामराजाचं दर्शन घेतलं. इथं राम राजा म्हणून पुजला जातो, पोलीस सलामी देतात, आणि देऊळही मुळात राणीचा महालच.

माझ्या मते सगळ्या प्रवासात पाहावं असं ठिकाण दतिया. झाशीहून ग्वाल्हेरला जाताना रस्त्यातच लागतं, तरी बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. तिथला महालही त्याच वीरसिंह देवाचा, सात मजले, आणि राजघराणं तिथं कधी राहिलंच नाही असं सांगतात. सकाळी आम्हीच तिघं होतो. तिसऱ्या मजल्यावर बाबांनी पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली. आत पितळी ओळंबा, भिंत सरळ उभी आहे का पाहायचं दोरीचं वजन! घरून आणला होता, मला पत्ताच नव्हता. लाकडाचा ठोकळा भिंतीला वर टेकवून त्यांनी दोरी सोडली. ओळंबा हलला, हलला, थांबला. बाबा खाली वाकले आणि भिंत आणि ओळंब्यातलं अंतर बोटानं मोजलं. वर जेवढं, खाली तेवढंच. मग दोन दगडांमधल्या दरजेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "चुना हाये. आपल्या सिमिटीसारखा घाईचा नाही. हा सावकाश धरते, मंग सोडत नाही." चौकीदार मघापासून पाहत होता. त्यानं विचारलं, "मिस्त्री हो क्या?" बाबांनी मान डोलावली, तर त्यानं पुढच्या दालनातल्या कमानी स्वतः फिरून दाखवल्या. कमान एकमेकांना रेटणाऱ्या दगडांवरच उभी राहते, मधला दगड बसेपर्यंत खालून आधार द्यावा लागतो, हे बाबांनी मला तिथं हातवारे करून समजावलं. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली विटा दिल्या, पण हे कधी विचारलं नव्हतं.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमरचा मानमंदिर महाल. निळ्या फरशांवर बदकांची रांग, खाली जमिनीत दोन मजले. याच किल्ल्यात औरंगजेबानं भाऊ मुराद याला कैदेत ठेवून १६६१ मध्ये मारलं. तळघरात बाबांना उतरवलं नाही, दम लागला असता.

ग्वाल्हेरातलाच जयविलास महाल जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधला. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या पाटलाचं घराणं इतक्या दूर येऊन इतकं मोठं झालं, हे पाहून ऊर भरून येतो. दरबारातली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून छत पेलतं का ते पाहिलं, असं सांगतात. लोक झुंबरांचे फोटो काढत होते, बाबा छताकडे पाहत होते. "हत्ती वर नेले कसे," त्यांनी विचारलं, "उतार बांधला असन मातीचा. त्याले किती गडी लागले असन?" बराच वेळ ते तिथून हलले नाहीत.

सहाव्या दिवशी घरी पोचलो. पुढच्या वर्षी चणा निघाला की सिवनीहून मंडल्याकडे वळायचं ठरलंय. रामनगरला नर्मदेच्या काठावर गोंड राजा हृदयशाहाचा मोती महाल आहे. बाबांनी आत्ताच विचारून ठेवलंय, "जिना केवढा हाये तिथचा?"