सदाजिवंताचा उन्हाळा

मागच्या डिसेंबरात मैत्रीण हिमाचल फिरून आली. इतरांना शाली, मोजे, अक्रोड. मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन रोपं. "तुझ्या गच्चीत शोभतील. मरतच नाहीत म्हणे," एवढं सांगून, चहा पिऊन ती गेली. रोप म्हणजे काय, मुठीत मावेल एवढं पानांचं कमळ. पानं जाड, रसरशीत, टोकाशी जांभळट. सासूबाईंनी एक उचललं आणि चष्म्याजवळ नेलं. "कोबी खुरटलाय व्हय गं ह्यो?"

नाव सेम्पर्व्हायवम. सेम्पर म्हणजे सदा, व्हायवम म्हणजे जिवंत. माझी जीभ वळेना, म्हणून मी त्याला सदाजिवंत म्हणू लागले. आल्प्स, पिरेनीज, कार्पेथियन अशा डोंगरांत, खडकाच्या भेगेत हे वाढतं. मुळांना चिमूटभर माती, वर उघडं ऊन आणि हिवाळ्यात बर्फाचं पांघरूण. उणे वीस अंशही पचवतं. वाचताना मी बर्फाचा भाग सोडूनच दिला. खडक, चिमूटभर माती, ऊन, पाण्याची बोंब. हे तर थेट सासूबाईंच्या माहेरचं वर्णन! म्हटलं, पाहुणा बरोबर पत्त्यावर आलाय.

नर्सरीवाल्याने काळ्या मातीचं पोतं पुढे केलं. ते परत केलं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी हिवाळाभर नुसत्या ओलीवर उभी राहते, ती या मातीच्या पाणी धरून ठेवण्याच्या गुणावर. पण सदाजिवंताला नेमका तोच गुण नको असतो. त्याच्या मुळांपाशी पाणी थांबलं की संपलं. मग मुरूम चाळून घेतला, त्यात जाड वाळू, विटांचा चुरा आणि चवीपुरतं शेणखत. तळ फुटलेला एक पसरट रांजण होता, त्यात हे भरलं. दगड नुसते वर मांडायचे नसतात. निम्म्याहून जास्त गाडायचे आणि किंचित मागे कलते ठेवायचे, म्हणजे पडलेलं पाणी आत मुळांकडे सरकतं. रोप बसवायचं दोन दगडांच्या फटीत. पानांच्या खाली, गळ्याशी, बारीक खडी पसरायची, म्हणजे मान कोरडी राहते. दोन संध्याकाळी माझं हेच चाललं होतं. सासूबाई जिन्यात बसून तूर निवडत होत्या. "दगूड लावायला शिकावं लागतंय व्हय आता?" असं त्यांनी तुरीला विचारलं.

त्यांचं खरंच होतं. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये १७७३ साली खडकबाग केली, तेव्हा त्यासाठी आइसलंडहून लाव्हाचा दगड आणला होता. जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाच्या जहाजातून. शिवाय टॉवर ऑफ लंडनचे जुने दगडही लावले. एवढी यातायात! आणि इकडे सोलापुरात बोअर घ्या, संडासाचा खड्डा घ्या, पहारीला पहिला लागतो तो लाव्हाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण, तोही फुकट, वर उचलून नेणाऱ्याला मजुरी आपणच द्यायची.

मला सगळ्यात आवडला तो या रोपाचा छपराशी असलेला संबंध. त्याच्या एका जातीचं नावच टेक्टोरम, म्हणजे छपरावरचं. युरोपात लोक घराच्या कौलांवर ते मुद्दाम लावत. त्याने वीज पडत नाही, अशी समजूत. शार्लमेन बादशहाच्या काळात, इसवी सन ८०० च्या सुमारास, शाही जमिनींसाठी एक हुकूमनामा निघाला. त्यात कुठली झाडं लावायची त्याची लांबलचक यादी आहे, आणि यादीच्या शेवटी, माळ्याने स्वतःच्या घरावर ज्युपिटरची दाढी लावावी, असं म्हटलंय. ज्युपिटर म्हणजे रोमनांचा विजेचा देव, आणि त्याची दाढी म्हणजे हेच रोप.

हे सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी तुरीचं सूप बाजूला ठेवलं. त्यांचं माहेर माळवदाचं. लाकडी तुळयांवर माती, वर पांढरीचा थर, उजेडाला सवणं. पावसाळ्यात माळवदावर गवत उगवायचं आणि ते उपटायला पोरींना वर पाठवायचे, नाहीतर मुळांच्या वाटेने पाणी खाली झिरपतं. "आमी उपटून उपटून मेलो, आन् त्यो राजा लावा म्हनतोय?" शार्लमेनला त्यांनी त्या दिवशी जे खातं काढून दिलं, ते अजून बंद झालेलं नाही.

डिसेंबर-जानेवारी रोपांनी मजेत काढले. सोलापूरच्या गड्डा जत्रेची गर्दी ओसरेपर्यंत एकेकाच्या बुडातून बारीक देठ फुटले आणि प्रत्येकाच्या टोकाला बोराएवढं पिल्लू. इंग्रजीत याला कोंबडी आणि पिल्लं म्हणतात. आपल्याला केळीचे मुनवे माहीत आहेत, प्रकार तोच. कारण मोठं कमळ काही वर्षांनी एकदाच फुलतं आणि मरतं, मागे पिल्लं राहतात. बांधावरची घायपातही तशीच, आयुष्यात एकदाच तो उंच दांडा काढते आणि आटोपते. तेव्हा सदाजिवंत हे नाव एकट्याचं नाही, सगळ्या खटल्याचं आहे.

मार्चमध्ये पानं लालसर झाली, फार देखणी दिसली. मी फोटो पाठवले. एप्रिलमध्ये कमळं मिटली. हेही समजू शकते, सगळं सोलापूर मिटतं. मेमध्ये पारा ४३ वर गेला तरी ती तग धरून होती. मग एका संध्याकाळी वळीव आला, गच्चीतून वाफा निघाल्या, आणि चौथ्या दिवशी बोट लावलं तर कमळ बोटाबरोबर हातात आलं. खाली चिखल. तिन्ही गेली. दोन पिल्लं तेवढी राहिली.

मी उन्हाला दोष देत होते. दोष रात्रीचा होता. या कुळातल्या वनस्पती पानांची रंध्रं दिवसा बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा दारं लावून घरातल्या घरात तो वापरायचा. आमच्या गल्लीचं मेमधलं वेळापत्रक हेच. दुपारी सगळी दारं बंद, सातनंतर ओट्यावर माणसं. पण डोंगरावरची रात्र गार असते. आमच्या गच्चीची फरशी पहाटे तीनलाही तव्यासारखी. बादल्या ओतूनही माणसाला पाठ टेकवत नाही, तर रोप काय करणार? रात्र गरम असली की श्वसनातच कमाई खर्च होते. त्यात गरम मातीला पाणी लागलं की मुळं कुजायला निमित्त मिळतं.

गंमत म्हणजे या रात्रपाळीचा एक जुना सुगावा लागला तो भारतात, आणि जिभेने. बेंजामिन हेन हा वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रास इलाख्यात होता. याच कुळातल्या पानफुटीचं पान सकाळी चुक्यासारखं आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळी कडसर, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने ते लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवलं आणि १८१५ साली ते छापून आलं. पानफुटी आमच्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर कायम आहे. तिला कोणी कधी खत घातलेलं नाही. तीही मूळची इथली नव्हे, मादागास्करची. फड्या निवडुंग आणि घायपात अमेरिकेकडच्या. आपले म्हणून ज्यांचं कौतुक करावं ते सगळे चिवट गडी बाहेरगावचेच निघतात.

हे वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी पानफुटीचं पान तोडून चावलं. आंबट! अगदी आंबट चुका. दुपारी बाराला तेच, तर नुसता पाला. (चावून थुंकायचं. पानफुटीत हृदयाला बाधणारी द्रव्यं असतात, गिळून शास्त्र करायचं नाही.)

उरलेल्या दोन पिल्लांचं काय करायचं, हे सासूबाईंनी ठरवलं. मोठ्या कुंडीत वाळू, त्यात मातीची छोटी कुंडी, तिच्यात पिल्लं, आणि पाणी द्यायचं ते फक्त वाळूला. "माठाखाली वाळू कशाला ठिवतीय मी? तसंच." कोरड्या हवेत ओली वाळू गार होते आणि आतली कुंडी निवते. ती गच्चीवरून उतरवून स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत, माठाच्या शेजारी ठेवली. एक पिल्लू गेलं. दुसरं आहे, बोराचं लिंबाएवढं झालंय.

त्याचं पान तोडून चाखायची माझी हिंमत नाही. म्हणून सकाळी न्हाणीमागे जाऊन पानफुटीचंच चाखते, रात्र कशी गेली त्याचा अंदाज म्हणून. आत आले की सासूबाई भाकरी थापता थापता, मान वर न करता विचारतात, "काय म्हनतंय?"

"आंबट आहे, आई."

"मग झोप लागली आसंल त्येला."