बेदाणा निवडणाऱ्या मावशींची दिल्लीतली फर्म

मावशींनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "सायेब, आयकराचं आलंय म्हणत्यात. बघा की काय हाय ते." मावशी तासगावकडच्या, बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाणाऱ्या. सोबत भाचा.

सांगलीत विश्रामबागला माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. हळद-बेदाण्याचे व्यापारी रोज नोटिसा घेऊन येतात, पण रोजंदारीवरच्या बाईला नोटीस म्हटल्यावर मी चहा बाजूला सारला. वर्षाची उलाढाल तीन कोटींच्या वर, मग विवरणपत्र का भरलं नाही, असा सवाल होता.

कोटींचं मावशींना काही वाटलं नाही. त्यांना वेगळीच काळजी. "मग माझं पंधराशे बंद हुत्यात काय?" म्हणजे लाडक्या बहिणीचे. आम्ही हसायचे थांबलो, कारण प्रश्न रास्त होता. घरात कुणी आयकर भरणारं असलं की त्या योजनेत बसता येत नाही.

आयकराच्या पोर्टलवर मावशींचं खातंच नव्हतं. ते उघडताना मोबाईलवर ओटीपी आला, तसा भाच्यानं मोबाईल पालथा घातला. "आत्ती, कुणाला सांगायचं नसतंय." पोरगं मला आवडलं. म्हटलं, मलाही सांगू नकोस. मेसेज कुणाचा आहे, कशासाठी आहे ते वाच आणि तूच टाक.

एआयएस, म्हणजे आपल्या पॅनवरच्या व्यवहारांची आयकर खात्याकडची यादी उघडली, तर त्यात जीएसटीची उलाढाल. मग जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून शोधलं. हे कुणालाही करता येतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. जीएसटी क्रमांकात 15 अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे सरळ पॅन. महाराष्ट्राचा क्रमांक 27 ने सुरू होतो. स्क्रीनवरचा 07 ने सुरू होत होता, म्हणजे दिल्ली. त्याला चिकटून मावशींचं पॅन, जसंच्या तसं. धंदा भंगाराचा.

"मावशी, दिल्लीला कधी गेलाय?"

"पंढरपूरच्या म्होरं कवा गेलो न्हाई."

या फर्मा माल विकत नाहीत, नुसती बिलं विकतात. बिल घेणारा त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट लाटतो, बिल देणारा पसार होतो आणि वसुलीचा कागद पॅनवाल्याच्या दारात येतो. गरिबाकडं चोरण्यासारखं काय असतं, असं आपण म्हणतो. पण या चोराला नेमकं असंच पॅन लागतं. जो विवरणपत्रच भरत नाही, तो आपल्या पॅनवर काय चाललंय ते कशाला बघायला जाईल?

हळूहळू उलगडा झाला. गल्लीत एक माणूस आला होता, बिनव्याजी कर्ज देतो म्हणत. त्याला पॅन-आधारची झेरॉक्स दिली, सही दिली, फोटो दिला. मोबाईलवर आलेला नंबरही वाचून दाखवला. कर्ज मिळालं नाही, माणूसही परत दिसला नाही. नुसता आधार क्रमांक कळून फार काही बिघडत नाही. झेरॉक्स आणि ओटीपी एकाच हातात गेले, तिथं घात झाला. आता मी येईल त्याला सांगतो, झेरॉक्सवर आडवं लिहा, कशासाठी दिली ते आणि तारीख. आणि जिथं चालतं तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पुढचं काम कागदांचं. सायबर पोलिसांत तक्रार (दुसऱ्याची ओळख अशी वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते), तिची प्रत जोडून आयकराला उत्तर, आणि नोंदणी रद्द करा म्हणून दिल्लीच्या जीएसटी अधिकाऱ्याला अर्ज. नावावर कुणी कर्ज उचललंय का ते सिबिलवर, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडं पाहिलं, वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो. तिथं काही नव्हतं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर नावावरची सिमकार्डं तपासली. ती घरातलीच निघाली. मावशींचं आधारचं बायोमेट्रिक भाच्यानं तिथंच बसून लॉक केलं.

दिल्लीचा तो क्रमांक आता निलंबित दिसतो. आयकराचं प्रकरण अजून चालू आहे.

मध्यंतरी मावशी गल्लीतल्या आणखी काही बायकांना घेऊन आल्या. त्यांनीही त्याच माणसाला कागद दिले होते. एकेकीचं पॅन टाकून बघितलं. बहुतेकींचं कोरं निघालं. एकीच्या पॅनवर मात्र 24 ने सुरू होणारा क्रमांक आला, म्हणजे गुजरात. तिला अजून नोटीस आलेली नाही. तिची तक्रार त्याच दुपारी लिहायला घेतली.